३०७ गेलं, आता काय बसवायचं?

गेल्या भागात मी उगाच बोलून गेलो की मी एक जुनी अमेरिकन गाडी घेतलीय आणि तिचं इंजिन बदलतोय. त्यावर इतके मेसेज आले की ठरवलं, एक पूर्ण भाग यावरच करू. बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन न लावता वाचणाऱ्यांसाठी हे लेखी रूप. बोललेलंच लिहिलंय, थोडं साफ करून.

आधी ओळख करून देतो, नवीन लोकांसाठी. मी कोल्हापूरचा, बीटेक कॉम्प्युटर, सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनीने ऑनसाइट पाठवलं म्हणून दोन वर्षं मिशिगनमध्ये आहे, डेट्रॉइटच्या जवळच्या एका उपनगरात. अप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात बोअरिंगच्या मशीनवर आयुष्यभर उभे राहिले. घरात जेवताना चर्चा बोअर, स्लीव्ह आणि रिंग-पिस्टनचीच. मी त्यातून पळून कोडिंगकडे गेलो आणि आता परत तिथेच आलोय. हसा.

तर गाडी. १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, हिरवी, दोन दारांची. माझ्या घरमालकांची होती. ते ७६ वर्षांचे आहेत, ३० वर्षं फ्लिंटला मोटारीच्या कारखान्यात होते, मी त्यांना आजोबाच म्हणतो (त्यांना अर्थ सांगितल्यावर ते खूश झाले). मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि गाडी खाली गॅरेजमध्ये चादरीखाली तीन वर्षं उभी होती. का उभी आहे हे विचारलं की ते विषय बदलायचे.

नंतर कळलं. एका उन्हाळ्यात रेडिएटर थोडा गळत होता. दर आठवड्याला ते नळाचं साधं पाणी भरत राहिले. कूलंटचं प्रमाण कमी कमी होत गेलं आणि थंडीच्या आधी ते बदलायचं राहून गेलं. इकडे जानेवारीत पारा शून्याखाली २० पर्यंत जातो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक असतो बिडाचा. बीड वाकत नाही, तडकतं. ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला वीतभर तडा. इंजिनवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातून हे झालं, म्हणून ते बोलत नव्हते.

इथे एक गंमत सांगतो. इंजिनच्या बाजूला ज्या गोल पत्र्याच्या टोप्या असतात, त्यांना सगळे फ्रीझ प्लग म्हणतात. लोकांना वाटतं पाणी गोठलं की त्या बाहेर उडतात आणि ब्लॉक वाचतो. मी अप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ते म्हणाले, "आरं, ती वाळू काढायची भोकं हैत. ओतकाम झाल्यावर कोअरची वाळू तिथनं काढत्यात. त्यांच्या जिवावर काय बसतोस?" बरोबर आहे. कधी त्या उडतात, कधी नाही. आमच्या नाही उडाल्या.

आजोबांनी गाडी मला अगदी कमी पैशात दिली. अट एकच, जुना ब्लॉक भंगारात द्यायचा नाही. मी हो म्हणालो. माझं बजेट होतं ६,००० डॉलर, आणि वेळ? माझा प्रोजेक्ट पुढच्या मार्चपर्यंत, "मग बघू" असं मॅनेजर म्हणालेला. आयटीवाल्यांना या "मग बघू"चा अर्थ सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. यात कुठलं इंजिन बसवायचं?

सुरुवातीला मला वाटलं हा फोन निवडण्यासारखा प्रकार आहे. हॉर्सपॉवर बघा, किंमत बघा, घ्या. तसं अजिबात नाही. इंजिन हा एक भाग नसून त्याच्या मागे एक लांब रांग असते. गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, रेडिएटर, पेट्रोलची लाइन, ब्रेक, सायलेन्सर. एक बदललं की पुढचं ओढलं जातं. सॉफ्टवेअरमध्ये आपण एक लायब्ररी अपडेट करतो आणि मग संध्याकाळपर्यंत बाकीची सतरा दुरुस्त करत बसतो, तेच.

आधी हे समजून घ्या की या गाड्यांमध्ये इंजिन बदलणं म्हणजे पाप वगैरे नाही. मुळात मसल कार हीच इंजिनबदल आहे. १९६४ ला पॉन्टिॲकने जीटीओ काढली, त्यात काय केलं? मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये घातलं. तेव्हा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की मध्यम गाडीत ३३० च्या वर जायचं नाही. जॉन डिलोरियन आणि मंडळींनी ते ऑप्शन म्हणून विकलं आणि नियमाला वळसा घातला. म्हणजे हा सगळा पंथच कारखान्यातल्या जुगाडातून जन्माला आलाय.

पण एक अपवाद. गाडी मूळ एसएस असेल, मोठ्या इंजिनाची असेल आणि ब्लॉकवरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळत असेल, तर हात लावू नका. १९७० च्या शेव्हेलमध्ये ४५४ चं एलएस ६ मिळायचं, ४५० हॉर्सपॉवर. तसली गाडी तिच्या मूळ इंजिनासकट वेगळ्याच किमतीला जाते, आणि ते इंजिन काढून टाकणं म्हणजे घरचं सोनं विकून पितळ आणणं. आमची तशी नव्हती. आमच्यात होतं ३०७, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, कागदावर २०० हॉर्सपॉवर. आणि ते २०० पण "ग्रॉस". त्या काळी इंजिन टेबलावर ठेवून, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अशा अवस्थेत मोजायचे. १९७२ पासून नेट आकडे छापायला लागले तेव्हा सगळ्यांचे आकडे धाडकन खाली आले. त्यामुळे जुने आकडे वाचून छाती फुगवू नका, आणि १९७२ नंतरचे वाचून रडूही नका.

नंबर कुठे बघायचा? पुढून बघितलं तर डाव्या, म्हणजे इकडच्या पॅसेंजर बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट जागा असते, तिथे ठोकलेला असतो. आमचा जुळत होता. आजोबा म्हणाले, "३०७ चा नंबर जुळला काय आणि नाही काय, बाजारात कोणी विचारत नाही." तरी त्यांनी तो टॉर्च मारून दोनदा वाचला.

पहिला पर्याय अर्थातच हेच इंजिन दुरुस्त करणं. अप्पांचा जीव त्यातच अडकला होता. बिडाला पडलेला तडा शिवता येतो. वेल्डिंग नाही, शिवणच. तड्याच्या रेषेवर एकाला लागून एक भोकं पाडून त्यात आट्याच्या पिना घट्ट बसवत जायचं. उद्यमनगरात जुन्या ऑइल इंजिनांची अशी कामं त्यांनी बघितलेली. इथेही करणारे आहेत. पण मजुरी, वरून बोअर, नवीन पिस्टन, हेडचं काम, हे सगळं धरलं तर नवीन इंजिनाच्या जवळ जात होतं, आणि हातात काय, तर ३०७. अप्पा गप्प बसले. मग म्हणाले, "मग शिवायचं नाही, पण ठेव."

दुसरा पर्याय, वापरलेलं ३५० आणणं. हा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला होता. शेव्हरोलेचं छोटं व्ही-८, ज्याला इकडे स्मॉल ब्लॉक म्हणतात, ते १९५५ ला २६५ क्युबिक इंचात आलं. मग २८३, ३२७, ३०७, ३५०, सगळी एकाच घरातली. बाहेरून जुळी भावंडं. ३०७ काढून ३५० ठेवलं तर माउंट तेच, गिअरबॉक्स त्याच बोल्टवर बसतो, अल्टरनेटरचे ब्रॅकेट चालतात, मेकॅनिकल पेट्रोल पंप तोच चालतो. यालाच आपण बॅकवर्ड कम्पॅटिबल म्हणतो. त्या काळी या शब्दाची जाहिरात कोणी करत नव्हतं, नुसतं करून ठेवायचे.

पण बाहेरून जुळी असण्याचा तोटा मला भोगावा लागला. दोन तासांवर एका माणसाकडे "३५०, नुकतंच बांधलेलं" होतं. फोटो चकाचक, नारिंगी रंग मारलेला. मी उत्साहात २०० डॉलर आधीच पाठवले. आजोबा म्हणाले, "आधी टॉर्च, मग पाकीट." मी उलटं केलं होतं. तिथे गेलो, ब्लॉकच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या अंगाला, गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या कडेवर ओतकामाचा नंबर असतो. तारेच्या ब्रशने रंग घासला. ३५० चा सगळ्यात ओळखीचा नंबर म्हणजे ३९७००१०. हा तो नव्हता. यादीत शोधला तर निघालं ३०५. ३०५ वाईट इंजिन नाही, पण त्याचा बोअर ३.७३६ इंच, ३५० चा पूर्ण ४. कितीही घासलं तरी ३०५ चं ३५० होत नाही. माणूस म्हणाला, त्यालाही असंच सांगून विकलं होतं. असेलही. माझे २०० काही परत आले नाहीत.

या अनुभवावरून एवढंच सांगतो. वापरलेलं इंजिन घेताना ब्रश, टॉर्च आणि कम्प्रेशन मोजायचं मीटर घेऊन जा. आणि विचारा की बोअर कितीचा झालाय. ३० हजारांश इंच मोठा केलेला असेल तर ठीक, ४० ला सावध, ६० झाला असेल तर भिंती पातळ झाल्यात आणि पुढच्या वेळी काही उरलेलं नाही. अप्पांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, "बोअर कितीचा झालाय बघ आधी." मी तो विचारलाच नव्हता.

आता तिसरा पर्याय, आणि इथे मी खरा अडकलो. एलएस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९७ ला कॉर्व्हेटमध्ये जनरल मोटर्सने एलएस १ आणलं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ५.७ लिटर, फ्यूएल इंजेक्शन, जुन्या स्मॉल ब्लॉकशी नातं फक्त नावापुरतं. मग १९९९ पासून तेच डिझाइन बिडाच्या ब्लॉकमध्ये पिकअप ट्रकमध्ये आलं, ४.८, ५.३, ६.० लिटर. ट्रक लाखोंनी खपले, त्यामुळे आज भंगारवाड्यात ५.३ चं इंजिन सहज मिळतं. कारखान्यातून निघतानाच २७० ते २९५ हॉर्सपॉवर. थंडीत एका झटक्यात चालू होतं, मायलेज बरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लॅपटॉप जोडून ट्यून करता येतं. माझ्यासारख्याला अजून काय पाहिजे? मला तर इंधनाचे टेबल दिसायला लागले स्वप्नात.

भंगारवाड्यात इंजिन मला ७०० डॉलरमध्ये मिळत होतं. मी स्प्रेडशीट उघडलं. ७०० लिहिलं आणि खाली रांग लावली.

माउंट वेगळे, म्हणजे अडॅप्टर प्लेट पाहिजेत. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, शेव्हेलच्या क्रॉसमेंबरला अडतं, म्हणजे दुसरं पॅन. ट्रकचा अल्टरनेटर आणि पट्ट्याची मांडणी चॅसीला लागते, तीही बदला. एक्झॉस्ट नवीन. जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोल लागतं ५ ते ७ पीएसआय दाबाने, एलएसला लागतं ५८. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, नवी लाइन, रेग्युलेटर. डोक्यावर वाफ काढायच्या नळ्या असतात, त्या रेडिएटरला जोडायला हव्यात. मग वायरिंग. वेगळा हार्नेस, कॉम्प्युटर, त्याचा अँटी-थेफ्ट बंद करायचा. आणि हे नीट बघायचं की क्रँकच्या सेन्सरचं चाक २४ दात्यांचं आहे की ५८, कारण जुन्या पिढीचा कॉम्प्युटर २४ ओळखतो, नव्या पिढीचा ५८. चुकलं तर इंजिन ढिम्म हलत नाही आणि तुम्ही तीन दिवस वायर तपासत बसता. २००७ च्या आसपासपासून बऱ्याच ५.३ मध्ये निम्मी सिलिंडर बंद करायची सिस्टिम आली, तिचे लिफ्टर त्रास देतात, म्हणून त्याच्या आधीचं बघायचं.

आणि गिअरबॉक्स! आमच्या गाडीत पॉवरग्लाइड आहे, दोन गिअरचा ऑटोमॅटिक. हो, दोनच. एलएसची खरी मजा पाहिजे तर चार गिअरचा ओव्हरड्राइव्हवाला घ्या, म्हणजे त्याचा क्रॉसमेंबर, शाफ्टची लांबी, स्पीडोमीटरची केबल. ७०० चं इंजिन माझ्या शीटमध्ये ५,४०० वर पोचलं, आणि हे सगळं काम मी स्वतः करतोय असं धरून.

(हे फक्त एलएसचं नाही बरं का. इलेक्ट्रिकबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं. २०२१ ला फोर्डने अशा जुन्या गाड्यांसाठी सुटी इलेक्ट्रिक मोटर काढली, एल्युमिनेटर, २८१ हॉर्सपॉवर, किंमत ३,९०० डॉलर. ऐकायला भारी. पण त्या किमतीत बॅटरी नाही आणि इन्व्हर्टरही नाही. नुसती मोटर. म्हणजे नवरदेव आला, वऱ्हाड तुमचं तुम्ही आणा.)

तरीही मी एलएसच घेणार होतो. पैसे बजेटमध्ये बसत होते ना. मी उत्साहाने शीट आजोबांना दाखवलं. ते चष्मा लावून खाली-वर बघत राहिले. काही बोलले नाहीत. नाही म्हणाले असते तर मी वाद घातला असता. त्यांनी फक्त विचारलं, "तू मार्चनंतर इथे आहेस का?"

मी म्हणालो, माहीत नाही.

तेव्हा आमचं बोलणं झालेलं होतं की मला परत जावं लागलं तर गाडी त्यांच्याकडेच राहील. कोल्हापूरला नेणं माझ्या खिशाच्या बाहेरचं आहे. विकायला मन होत नाही. म्हणजे मार्चनंतर ही गाडी कोण चालवणार? ७६ वर्षांचे आजोबा. काही बिघडलं तर कोण बघणार? तेच. आणि मी त्यांच्या गाडीत असं इंजिन घालायला निघालो होतो जे लॅपटॉपशिवाय समजत नाही. कार्ब्युरेटर ते स्क्रू-ड्रायव्हरने, नुसतं ऐकून लावतात. हार्नेसमधली तुटलेली वायर ते कशी शोधणार?

कंपनीत हे आम्ही रोज शिव्या देत बघतो. कोणीतरी हुशार माणूस त्याच्या आवडीचं काहीतरी भन्नाट लिहून जातो, प्रोजेक्ट सोडतो, आणि मागे राहिलेल्यांना ते कळत नाही. तो माणूस मी होणार होतो. वर ऑनलाइन जाहिराती बघा इकडच्या, "इंजिन बसवलंय, वायरिंग बाकी, वेळ नाही म्हणून विकणे आहे". अशा अर्धवट गाड्या ढिगाने आहेत. मार्चमध्ये माझीही तशीच एक जाहिरात असती.

त्या रात्री शीटमध्ये मी एक नवीन कॉलम टाकला, "मी नसताना". आणि मग सगळं पटापट सुटलं. ४५४ वगैरे मोठा ब्लॉक? पुढचं वजन वाढतं, मागचा ॲक्सल साधा दहा बोल्टचा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पळेल, थांबणार नाही. कट. ३८३ स्ट्रोकर, म्हणजे ३५० च्या ब्लॉकमध्ये लांब स्ट्रोकचा क्रँक? मला खूप आवडतो, पण मशीनशॉपची तारीख ऑगस्टनंतरची मिळत होती. कट.

ऑगस्टचं काय? सांगायचं राहिलं. इकडे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. १९९५ ला फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे जमवायला सुरू झाली, आता हजारो जुन्या गाड्या येतात. आजोबा गाडी बंद पडल्यापासून गेले नव्हते. तिथे गाड्या पळत नाहीत, सरकतात. आपल्याकडे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर जातो तशा. म्हणजे आमच्या गाडीचं खरं काम काय, तर भर उन्हात ताशी १० मैलांनी चार तास सरकणं आणि गरम न होणं. ४०० हॉर्सपॉवर तिथे कशाला पाहिजे?

शेवटी घेतलं क्रेट इंजिन. म्हणजे कारखान्यातून खोक्यात येतं ते कोरं, वॉरंटीसकट. ३५०, साधं, २९० हॉर्सपॉवरवालं. इंटरनेटवर याला लोक कंटाळवाणं म्हणतात. कम्प्रेशन कमी, कॅम मवाळ, काही विशेष नाही. मला तेच पाहिजे होतं. कमी कम्प्रेशन म्हणजे साधं पेट्रोल चालतं. एक गोष्ट मात्र तपासा. १९८६ पासून स्मॉल ब्लॉकचं मागचं ऑइल सील एका तुकड्याचं झालं आणि त्यामुळे क्रँकच्या मागची फ्लेक्सप्लेट बदलली. हे २९० वालं जुन्या पद्धतीचं, दोन तुकड्यांच्या सीलचं आहे, म्हणून ३०७ ची फ्लेक्सप्लेट सरळ बसली. पॉवरग्लाइड तोच. वॉटर पंप, पेट्रोल पंप, ब्रॅकेट, सगळं ३०७ वरून उतरवून याच्यावर चढवलं. चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि त्याचं मॅनिफोल्ड तेवढं नवीन. उरलेल्या पैशात पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मोठा रेडिएटर. मला विचाराल तर या पूर्ण प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला खर्च म्हणजे ते डिस्क ब्रेक.

कायद्याचं एका वाक्यात. मिशिगनमध्ये गाडीची धुराची तपासणी होत नाही. कॅलिफोर्नियात असाल तर १९७५ पर्यंतच्या गाड्यांना सूट आहे, १९७६ पासूनच्या गाडीत इंजिन बदलायचं असेल तर आधी नियम वाचा, मग पाना उचला.

बसवायला तीन शनिवार-रविवार लागले. ते सांगत बसत नाही, व्हिडिओ भरपूर आहेत. पण पहिल्यांदा चालू करतानाचं सांगतो, कारण इथे लोक नवंकोरं इंजिन २० मिनिटांत मारतात.

या इंजिनाचा कॅम जुन्या प्रकारचा, चपट्या टॅपेटचा. रोलर नाही. कॅमचे उंचवटे आणि टॅपेट एकमेकांवर घासून बसायला लागतात, आणि त्यांना ऑइल मिळतं ते क्रँकने उडवलेल्या तुषारांमधून. आयडलवर तुषार पुरेसे उडत नाहीत. म्हणून चालू केल्या केल्या २००० आरपीएमच्या आसपास, थोडं वरखाली करत, २० ते ३० मिनिटं. बंद नाही, आयडल नाही. ऑइल पण जास्त झिंकवालं. आणि त्याच्या आधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिल मशीनने ऑइल पंप फिरवून सगळीकडे ऑइल पोचवायचं. ड्रिल मी धरलं, रॉकरवर ऑइल आलं की नाही ते आजोबा बघत होते.

चालू झालं. दुसऱ्या प्रयत्नात. गल्लीतली दोन कुत्री भुंकायला लागली. अप्पा व्हिडिओ कॉलवर, तिकडे रात्रीचे साडेनऊ, आई मागून "केवढा तो आवाज" म्हणतेय. पहिली दहा मिनिटं मस्त. अकराव्या मिनिटाला तापमानाचा काटा चढायला लागला. गाडी उभी, वारा नाही, इंजिन २००० वर. २००, २१०, २२० फॅरनहाइट. बंद करावं तर कॅमची वाट, चालू ठेवावं तर हेड गॅसकेटची. माझे हात थरथरायला लागले. आजोबा घराच्या कोपऱ्याकडे चालत गेले, चालतच, पळत नाही, बागेचा पाण्याचा पाइप ओढत आणला आणि रेडिएटरवर बाहेरून फवारा सोडला. वाफेचा ढग झाला. काटा २२० वर थांबला, मग हळूहळू उतरला. २६ मिनिटं झाल्यावर मी बंद केलं. ऑइल काढलं, फिल्टर कापून बघितला, धातूचा चुरा नाही.

अप्पा म्हणाले, "म्हातारं पक्कं हाय."

काटा चढला होता तो थर्मोस्टॅटच्या मागे अडकलेल्या हवेमुळे. नंतर पुढची बाजू जॅकवर उचलून हवा काढली, पुन्हा भरलं. कूलंट आजोबांनी स्वतः विकत आणलं होतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी, ते शून्याखाली ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. त्यांनी मापाचा डबा घेऊन ओतलं, मग काचेच्या नळीने तपासलं, मग अर्ध्या तासाने पुन्हा तपासलं. मी काही बोललो नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही रॉयल ओकपासून पॉन्टिॲककडे निघालो. ते चालवत होते, मी शेजारी काट्यावर नजर ठेवून. १९५ च्या वर गेला नाही. एका सिग्नलला शेजारी एक चकाचक लाल शेव्हेल आली, एलएसवाली, आवाजावरून कळतं. तिच्या मालकाने खिडकीतून विचारलं, तुमच्यात काय आहे? आजोबा म्हणाले, "३५०. कार्ब्युरेटर." तो म्हणाला, "जुन्या वळणाचं!" आणि अंगठा दाखवला. खरं सांगू? त्याची गाडी मला आवडली. पुढे कधी माझ्या एका जागी मी दहा वर्षं राहणार असेन, तर मी एलएसच बसवेन, आणि वायरिंगही मीच करेन.

प्रोजेक्टचं कळलं. वाढला नाही. २८ फेब्रुवारीचं तिकीट आहे, पुढे पुणे ऑफिस. मी सवयीप्रमाणे आजोबांसाठी हँडओव्हर लिहिला, टायमिंग किती, प्लगचा गॅप किती, कोणता पार्ट कुठून घेतला, दोन पानं. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि एका पुठ्ठ्यावर मार्करने चारच ओळी लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकल्या. तिसरी ओळ आहे, "ऑक्टोबरमध्ये कूलंट तपासणे". ३०७ चा ब्लॉक गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी फळीवर ठेवलाय, तड्याची बाजू भिंतीकडे करून.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी जुनी गाडी उभी असेल, यझदी, जावा, पद्मिनी, काहीही, आणि तिच्या इंजिनाचं काय करायचं असा प्रश्न असेल तर व्हॉइस नोट पाठवा. बोअर कितीचा झालाय ते आधी बघून पाठवा, अप्पा पुढच्या भागात पाहुणे म्हणून येणार आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न काय असणार हे तुम्हाला आता माहीत आहे.